पाळण्याजवळच्या पाटीमागचे गणित

‘चालू पाळण्यात उभे राहू नये.’ ‘हात बाहेर काढू नयेत.’ ‘ओढणी व मोकळे केस नीट बांधावेत.’ ‘कुंपण ओलांडू नये.’ जत्रेतील आकाशपाळण्याजवळ किंवा शहराबाहेरच्या मोठ्या मनोरंजन-उद्यानात अशा पाट्या तुम्ही वाचल्या असतील. कदाचित हसलाही असाल. एवढी साधी गोष्ट कोणाला कळत नाही, असेही मनात आले असेल.

पण पाटीची एक अडचण असते. तिच्यावर आज्ञा लिहिलेली असते, कारण लिहिलेले नसते. ज्या आज्ञेचे कारण कळत नाही ती मोडण्याचा मोह लवकर होतो. तेव्हा यातल्या काही पाट्यांमागची कारणे आपण शोधू या. त्यासाठी नववी-दहावीचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

‘उभे राहू नये’

रोलर कोस्टर म्हणजे रुळांवरून चढ-उतार करीत सुसाट धावणारी गाडी. १८८४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथे अशी एक गाडी सुरू झाली. तिचा वेग ताशी सुमारे १० किलोमीटर होता, म्हणजे सायकलपेक्षाही कमी! पुढे वेग वाढवावा असे सर्वांनाच वाटू लागले. पण नुसती रुळांवर ठेवलेली गाडी उंचवट्यावरून वेगाने गेली तर रूळ सोडून उडणार. १९१९ साली जॉन मिलर या अभियंत्याने यावर उपाय शोधला. त्याने रुळांच्या खालच्या बाजूलाही चाके बसविली. आता गाडी रुळांना वरून आणि खालून धरून राहू लागली.

गाडी धरली गेली. पण आत बसलेल्या माणसाचे काय? आता एक साधे गणित करू. उंचवट्याचा माथा १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा भाग आहे आणि गाडी तेथून सेकंदाला १२ मीटर वेगाने जात आहे, असे धरा. वर्तुळाकार मार्गावर राहण्यासाठी केंद्राच्या दिशेने लागणारे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. १४४ ला १० ने भागले की उत्तर येते १४.४. गुरुत्वाकर्षण देते फक्त ९.८. उरलेले ४.६ कोठून आणायचे? गाडीला ते रुळांखालची चाके देतात. तुम्हाला मात्र मांडीवरचा लोखंडी दांडाच देतो. तुमचे वस्तुमान ४० किलोग्रॅम असेल, तर दांडा तुम्हाला सुमारे १८४ न्यूटन बलाने खाली दाबतो, म्हणजे जणू १९ किलोचे ओझे मांडीवर ठेवले आहे. उभ्या माणसाला असे दाबून धरायला काहीच नसते. तो फेकलेल्या दगडासारखा आपल्या मार्गाने पुढे जातो आणि गाडी त्याच्या पायाखालून निघून जाते.

‘अमुक उंचीपेक्षा कमी असल्यास प्रवेश नाही’

ही पाटी लहान मुलांना फार खटकते. आपण भित्रे आहोत असे मोठ्यांना वाटते, अशी त्यांची समजूत होते. खरे कारण धैर्याचे नसून मापाचे आहे. दांडा मांडीवर घट्ट बसला पाहिजे, पाठ मागे टेकली पाहिजे आणि पाय आधाराला पोचले पाहिजेत. अंग लहान असेल, तर दांडा आणि शरीर यांत फट राहते आणि त्या फटीतून घसरायला वाव मिळतो. दोघांमध्ये एकच दांडा असेल, तर धोका आणखी वाढतो. शेजारी जाडजूड काका बसले, तर दांडा त्यांच्या मांडीवर अडकून थांबतो आणि बारीक पुतण्यापर्यंत पोचतच नाही.

‘हात बाहेर काढू नयेत’

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. डोळ्यांनी खांब पाहिला, मेंदूने हुकूम दिला आणि स्नायू हलले, एवढ्या साखळीला साधारण एकपंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी ४ मीटर पुढे गेलेली असते, आणि हात आत घ्यायला तर अजून सुरुवातच झालेली असते! म्हणून रूळ मांडतानाच अभियंते हिशेब करतात, की बसलेल्या उंच माणसाने हात पूर्ण ताणला तरी तो कोठेही लागू नये. पण हा हिशेब बसलेल्या माणसाचा असतो. उभे राहिले किंवा हातात काठी धरली, की तो चुकतो. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत २०१५ सालापासून स्वतःचे छायाचित्र काढण्याच्या लांब काठ्यांना, म्हणजे सेल्फी स्टिकना, बंदी आहे.

‘मोबाइल व चप्पल खाली ठेवावे’ या पाटीमागेही गणित आहे. २०० ग्रॅमचा मोबाइल ३० मीटर उंचीवरून निसटला, तर जमिनीजवळ त्याचा वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर होतो. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. त्याहून जड आणि टोकदार कोपऱ्यांची वस्तू गोलंदाजाच्या वेगाने डोक्यावर यावी, असा हा प्रकार आहे. ही पाटी तुमच्यासाठी नसून खाली उभ्या असलेल्या अनोळखी माणसासाठी आहे.

‘ओढणी व केस बांधावेत’

गो-कार्ट या छोट्या मोटारीत बसायची जागा जमिनीलगत असते आणि तिच्यामागे चाकांना जोडणारा आस फिरत असतो. चाकाचा व्यास २८ सेंटिमीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर चाकाच्या सेकंदाला साडेबारा फेऱ्या होतात. आसाच्याही तेवढ्याच. आसाचा व्यास ४ सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे ओढणीचे टोक अडकल्यावर एका सेकंदात दीड मीटर कापड गुंडाळले जाते. ‘थांबवा!’ असे ओरडायलाही तेवढाच वेळ लागतो. लांब केस अडकले तरी हेच घडते.

‘कुंपण ओलांडू नये’

काही रोलर कोस्टरमध्ये गाडी रुळांच्या खाली टांगलेली असते आणि माणसांचे पाय मोकळे लोंबत असतात. खालची जागा एरवी रिकामी, शांत, हिरवळीची दिसते. २००८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एक १७ वर्षांचा मुलगा दोन कुंपणे ओलांडून अशा जागेत गेला आणि धावत्या गाडीची धडक बसून मरण पावला. ज्याला आपण रिकामी जागा समजतो, ती गाडीची वाट असते. फक्त त्या क्षणी गाडी तेथे नसते.

पाटी पाळली, तरीही?

आता या विषयाची दुसरी बाजू पाहू. कॅन्सस सिटी येथे २०१४ साली ‘फेरुक्ट’ नावाची पाण्याची घसरगुंडी सुरू झाली. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘वेडे’. तिची उंची ५१ मीटरांहून अधिक होती. तीन जणांनी एका तराफ्यात बसायचे, उतारावरून घसरायचे आणि पुढच्या उंचवट्यावरून पलीकडे जायचे. तिघांचे मिळून वजन ४०० ते ५५० पौंड, म्हणजे सुमारे १८१ ते २४९ किलो असावे, असा नियम होता. २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्या उंचवट्यावर एक तराफा हवेत उडाला आणि पुढे बसलेला १० वर्षांचा मुलगा वरच्या जाळीला धरणाऱ्या धातूच्या कमानीवर आपटून मरण पावला. तिघांचे वजन मर्यादेच्या आतच होते.

मग चुकले काय? उंचवट्याचे गणित तुम्ही वर केलेच आहे. वेगाच्या मानाने उंचवट्याची त्रिज्या लहान असेल, तर वस्तू उडते. येथे तराफ्याला खालून धरणारी मिलरची चाके नव्हती. उद्घाटनापूर्वीच्या चाचण्यांतही तराफे उडाले होते. नुसत्या एकूण वजनाच्या नियमाने हा दोष झाकणार नव्हता. पुढच्याच वर्षी कॅन्सस राज्याने अशा साधनांच्या तपासणीचा कायदा कडक केला आणि २०१८ साली ती घसरगुंडी पाडून टाकण्यात आली.

म्हणून सुरक्षिततेची कामे क्रमाने करावी लागतात. आधी रचनेतूनच धोका काढून टाकायचा. जो उरेल त्याच्याभोवती दांडा, पट्टा, कुंपण घालायचे. त्यानंतरही जो उरेल त्यासाठी पाटी लावायची. पहिली दोन कामे बांधणाऱ्याची आणि चालविणाऱ्याची आहेत. तिसऱ्यात तुमचा वाटा आहे. म्हणून पाळण्यात बसल्यावर पाटी पाळाच, पण दांडा हलवूनही पाहा. तो सैल वाटला, खिळखिळा वाटला, तर पाळणा सुरू होण्याआधीच उतरा. पैसे फुकट गेले तरी चालतील.

करून पाहा

मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. तुम्ही खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली, की पकडा. पट्टी ११ सेंटिमीटरवर पकडली, तर तुम्हाला सुमारे ०.१५ सेकंद लागला. २० वर पकडली, तर ०.२० सेकंद, आणि ३० च्या आसपास पकडली, तर ०.२५ सेकंद. दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढा. मग सांगा : एस.टी. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात आहे आणि तुमचा हात खिडकीबाहेर आहे. समोरून येणारे झाड दिसल्यापासून हात हलू लागेपर्यंत गाडी किती मीटर पुढे जाईल?