चुकून सुटलेली गोळी कुठल्या रकान्यात?

1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधली गोळी घुसली. नाव मोठं म्हणून बातमी झाली.

पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतमध्ये अशीच चुकून सुटलेली गोळी दुसऱ्या कुणाला लागली तर? निष्काळजीपणानं दुखापत, म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम 125. रावेतच्या बीआरटी रस्त्यावर दुचाकीनं पादचाऱ्याला उडवलं, तरी हेच कलम! नुसत्या कलमावरून मोजायला बसलात तर बंदूक वाहनांच्या गर्दीत हरवते.

रावेतच्या गुन्ह्यांच्या जुन्या आकड्यांशी तुलनाही जपूनच करावी. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झालं, तेही पुणे शहर आणि पुणे ग्रामीण अशा दोन्हींची ठाणी जोडून.

शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा 3 वरून 2 वर आली. वरातीतल्या बेपर्वा गोळीबाराला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चर्चेत हमखास येणारा आकडा ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संशोधन प्रकल्पाचा: 2017 मध्ये भारतात नागरिकांकडे अंदाजे 7.11 कोटी बंदुका, नोंदणीकृत मात्र 97 लाख. बंदीवाले पहिला आकडा उचलतात, परवानेवाले दुसरा. ‘अंदाजे’ हा शब्द दोघंही गाळतात.