लिफ्ट मध्येच थांबते तेव्हा



आपल्या अवधपुरीत बहुमजली इमारतींमुळे लिफ्ट आता रोजचीच झाली. सिनेमात मात्र तिचीच भीती! दार लागले की पळायला जागा नाही, आणि ते कोणासमोर उघडेल ते आपल्या हाती नाही. '१३बी' (२००९) मध्ये माधवन एकटा असला की लिफ्ट चालतच नाही. लुई मालच्या १९५८च्या फ्रेंच चित्रपटात खुनी विसरलेला दोर आणायला परत वर निघतो, आणि पहारेकरी वीज बंद करून घरी जातो.

तुटून कोसळणारी लिफ्ट मला पटत नाही. दोर तुटला तरी अडवणारा ब्रेक ओटिसने १८५४मध्येच न्यूयॉर्कला दाखवला होता.

परवा वीज गेली, नात आणि मी अडकलो. "आजोबा, भूत येईल?" मी म्हटले, दार ओढू नकोस, घंटा दाब.