गोबर गॅस : चूल कोणाची पेटली?

1973 मधील खनिज तेलाच्या भाववाढीने विकसनशील देशांचे डोळे उघडले आणि नियोजनकारांची दृष्टी गोठ्याकडे वळली. शेणापासून ज्वलनशील वायू काढण्याची कल्पना आपल्याकडे तेव्हा नवी नव्हती. जशभाई पटेल यांनी 1950 च्या दशकातच तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र सिद्ध केले होते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पुढे त्याचा प्रसार केला. 1981 मध्ये राष्ट्रीय प्रकल्प आला, अनुदान आले आणि अनुदानामागोमाग उद्दिष्टांचे तक्तेही आले.

तंत्र साधे आहे. शेण व पाणी समप्रमाणात कालवून विहिरीसारख्या खड्ड्यात सोडावयाचे. हवेवाचून ते कुजले की वायू टाकीखाली साठतो आणि टाकीच्याच भाराने शेगडीपर्यंत पोहोचतो. उरलेली मळी उत्तम खत ठरते. शेणाची गोवरी थापली तर खत जाते, खत केले तर सरपण जाते, ही शेतकऱ्याची जुनी कोंडी त्यामुळे फुटली, हे नि:संशय मोठे काम होय.

परंतु कोणत्या शेतकऱ्याची? दोन घनमीटरच्या लहान संयंत्रालाही रोज सुमारे 50 किलो शेण लागते. म्हणजे दावणीला चार-पाच गुरे हवीत. भूमिहीनाच्या दारी असते फार तर एखादी शेळी. इतकेच नव्हे, तर वाटेवरचे जे शेण मजूर स्त्री फुकट वेचून आपली चूल पेटवीत असे, त्यालाच आता मोल आले. सरकारी तक्त्यात या स्त्रीसाठी रकाना नव्हता.

रकाना होता बांधलेल्या संयंत्रांचा. चालू असलेल्यांचा नव्हे. लोखंडी टाकी वेळच्या वेळी रंगविली नाही तर गंजते आणि वायू निसटतो. 1984 च्या ‘दीनबंधू’ संयंत्रात टाकीऐवजी विटांचा घुमट होता, त्याने खर्चही घटविला. मात्र घुमटाला तडा गेल्यास कसबी गवंडीच हवा. चीनमध्ये 1970 च्या दशकात लाखोंनी बांधलेली घरगुती संयंत्रे अशाच गळतीपायी मोठ्या प्रमाणावर निकामी झाली होती. अनुदान बांधणीला मिळते, गवंड्याच्या फेरीला कोण देणार?

2018 पासून ‘गोबरधन’ योजनेच्या निमित्ताने शेण पुन्हा धोरणात आले आहे. आता मोठे प्रकल्प उभे राहतात, वायू दाबून वाहनांत भरला जातो, शेण टनांनी लागते. छत्तीसगढ सरकारने 2020 मध्ये किलोला दोन रुपये दराने शेण खरेदी सुरू केली होती, तेव्हा निदान शेणाचा भाव जाहीर झाला होता. नव्या प्रकल्पांच्या फाटकावर पाटीभर शेण घेऊन येणाऱ्या बाईचे वजन घेतले जाईल, की केवळ ट्रॅक्टरवाल्याचे, हे त्या प्रकल्पांच्या अनुदानाच्या अटींतच लिहावे लागेल.