वितळलेला रस गोठताना

लोणारला सहलीला जाणारी मंडळी सरोवर पाहतात, दैत्यसूदनाचे देऊळ पाहतात आणि परततात. विवराभोवतीच्या मातीत काचेचे बारीक मणी मिसळलेले आहेत, याची बहुतेकांना कल्पना नसते. त्यांतले कित्येक तर मिलिमीटरहूनही लहान. (हा परिसर अभयारण्य आहे, तेव्हा नमुने उचलून आणू नयेत.) उल्केच्या आघाताने येथील बसाल्ट खडक क्षणात वितळला आणि त्याचे थेंब हवेत उडाले. उडता उडताच ते गोठले. फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ‘सायन्स’मध्ये लोणारवर लिहिले, तेव्हापासून या काचेचा अभ्यास चालू आहे.

आता विवराची भिंत पाहा. तिच्यात बसाल्टचे एकावर एक थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला हा शिलारस जमिनीवर सावकाश निवाला. थराचा वरचा भाग अनेकदा सच्छिद्र आणि मधला घट्ट असतो, कारण वायूचे हलके बुडबुडे वर चढले आणि वरच्या सालीखाली अडकले. मण्याचा आणि भिंतीचा मूळ रस एकच, पण दोन्ही गोठले निरनिराळ्या परिस्थितीत. भिंतीतल्या रसाला वेळ होता आणि गुरुत्वाकर्षण त्याच्यातले हलके-जड वेगळे करत होते. मणी इतका लहान की तो झटकन निवाला. शिवाय उडणारा थेंब जवळजवळ मुक्तपतनात असतो, म्हणजे हवेचा रोध सोडला तर वजनरहितच. हलके वर, जड खाली ही निवड तेथे होऊच शकत नाही. काही मण्यांत अर्धवट मिसळलेल्या रसाचे पट्टे आणि मॅग्नेटाइटचे फांद्या फुटलेले सूक्ष्म स्फटिक तसेच थिजून राहिले आहेत.

धातूंच्या ओतकामातही हेच घडते. पाणी तापवताना होणारे अभिसरण आपण वर्गात शिकवतो, आणि तेथे कारण एकच, तापमानातला फरक. संमिश्र गोठताना दुसरे कारण येते, आणि बहुधा तेच अधिक जोरकस ठरते. शिशात थोडे कथील मिसळून तो रस तळाकडून थंड करू. आधी शिशाचे, झाडासारख्या फांद्यांचे स्फटिक तयार होतात. फांद्यांच्या मधल्या द्रवातले शिसे त्यामुळे कमी होते आणि कथिलाचे प्रमाण वाढते. शिशाची घनता ११.३, कथिलाची ७.३. म्हणजे तळाशी हलका द्रव आणि त्यावर जड! हा हलका द्रव धारांनी वर उसळतो आणि जाता जाता वाटेतले स्फटिक विरघळवून नळीसारखी वाट पाडतो. ओतीव वस्तूत ही वाट ठिपक्यांच्या रांगेसारखी दिसते. तेथे संमिश्राचे प्रमाण बिघडलेले असते, म्हणून जेट इंजिनाच्या पात्यात असे ठिपके निघाले तर पाते बाद करावे लागते. कथील जास्त आणि शिसे थोडे असेल, तर मात्र उरलेला द्रव जड होऊन तळाशीच शांत बसतो.

धातू अपारदर्शक, त्यामुळे हे डोळ्यांना दिसत नाही. संशोधकांनी येथे कल्हईवाल्याचा नवसागर मदतीला घेतला. आपणही घ्यावा. १०० मिलिलिटर पाण्यात ४५ ग्रॅम नवसागर घालून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवत पूर्ण विरघळवा. उष्णतारोधक काचेच्या चंचुपात्रात ओतून, किंचित निवल्यावर पात्र बर्फ व मीठ घातलेल्या ताटलीत ठेवा. मागे काळा कागद धरा. तळाशी पांढरे झुडूप वाढू लागेल आणि त्यातून धुरासारख्या बारीक धारा वर निघतील. स्फटिकांनी नवसागर काढून घेतल्यामुळे हलके झालेले हे पाणी आहे. (कोरडा नवसागर तापवू नये, आणि नंतर हात धुवावेत.)

दुसऱ्या वेळी पात्राला हलके हिसके देत राहा. कंपनाने दोन गोष्टी होतात. नाजूक फांद्या तुटतात आणि प्रत्येक तुकडा नव्या स्फटिकाचे बीज बनतो. ओतकामात मुद्दाम कंपन देऊन कण बारीक करतात ते यासाठीच. दुसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. पूर्ण भरलेल्या बंद भांड्यातला द्रव सर्वत्र एकाच घनतेचा असेल, तर भांडे पुढे-मागे हलवल्याने तो भांड्याबरोबरच सरकतो, आत अभिसरण होत नाही. घनतेत फरक असेल तरच कंपन हे दिशा बदलत्या गुरुत्वाकर्षणासारखे काम करते.

म्हणूनच अवकाशातली भट्टीही पूर्ण निवांत नसते. भारताने १० जानेवारी २००७ रोजी सोडलेल्या आणि २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात उतरवलेल्या कुपीत धातू वितळवून गोठवण्याचा प्रयोग होता. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अवकाश केंद्र यांनी तो आखला होता. अशा कुपीत माणूस नसतो, हा एक फायदाच. अंतराळ स्थानकात पंप चालतात, अंतराळवीर व्यायाम करतात, आणि ती थरथर भट्टीपर्यंत पोचते. त्यातही जलद कंपने फारशी बाधत नाहीत, कारण द्रव हलायला लागेपर्यंत दिशा उलटलेली असते. संथ कंपनांना मात्र द्रव साथ देतो, आणि त्यांचाच बंदोबस्त करावा लागतो.