कोंबड्यांच्या आतड्यातील उपकारक जंतू

बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाच्या जोडीला कुक्कुटपालनाचा धंदाही रुजला आहे. पिल्लांना हगवण लागली की खाद्यात प्रतिजैविक औषध मिसळावयाचे, ही रीत या धंद्यात सर्वत्र जुनी. पण माणसाच्या उपचारात अखेरचा आधार असलेल्या कोलिस्टिनवर भारत सरकारने २०१९ साली पशुपालनापुरती बंदी घातली. मग पर्याय कोणता?

बॅसिलस सब्टिलिस हा मातीतील जंतू येथे उपयोगी पडतो. दह्यातील जंतू गोळीखाद्य करताना वाफेच्या उष्णतेने बव्हंशी मरतात. हा मात्र बीजाणूच्या रूपात तग धरतो. बीजाणूत पाणी अत्यल्प, भोवती अनेक पदरी कवच. त्यामुळे जठरातील आम्लही त्यास सहसा बाधत नाही. ओल मिळताच बियाणे रुजावे, तसा तो आतड्यात अन्नरस मिळताच रुजतो व रोगजंतूंस मारक असे पदार्थ निर्माण करतो. त्याच्याच कुळातील बॅसिलस लायकेनिफॉर्मिसपासून बॅसिट्रॅसिन हे औषध मिळते. आतड्यास व्रण पाडणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जंतूवर ते चालते.

मानमोडीवर मात्र याचा उपयोग नाही. तो रोग विषाणूचा, त्यास लसच हवी. तसेच ही भुकटी प्रतिजैविकाबरोबर देऊ नये, कारण रुजलेला जंतू त्याने मरतो आणि पैसा वाया जातो.