माशांवरची लेकुरवाळी ऊ

टाकीतल्या निऑन टेट्राच्या शेपटीवर रव्याच्या कणांसारखे दोन-चार पांढरे ठिपके दिसतात. मासा दगडांना अंग घासू लागतो, खाणं कमी करतो. काही दिवसांत ठिपके आपोआप नाहीसे होतात आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. मग आठवड्याभरात टाकीतला जवळजवळ प्रत्येक मासा ठिपक्यांनी भरून जातो. हा ‘पांढऱ्या ठिपक्यांचा रोग’ मासे पाळणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी गाठतोच. औषध दुकानात मिळतं, पण ठिपके गेले म्हणून ते लगेच थांबवलं की रोग दुप्पट जोराने परततो.

रोगाला कारणीभूत आहे एक एकपेशीय परजीवी, इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. पॅरामेशियमसारखाच, अंगभर सूक्ष्म केस असलेला हा जीव सूक्ष्मदर्शकाखाली गोल फिरताना दिसतो आणि त्याचं घोड्याच्या नालासारखं केंद्रक ओळखू येतं. फुके या संशोधकाने १८७६ मध्ये त्याचं बारसं केलं. ग्रीक-लॅटिन नावाचा मराठीत अर्थ लावायचा तर ‘माशावरची लेकुरवाळी ऊ’! हे नाव किती सार्थ आहे ते पाहू.

त्याचं आयुष्य तीन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या आवरणाखाली शिरून माशाच्या पेशी खातो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. इथे तो सुरक्षित असतो, पाण्यात टाकलेलं नेहमीचं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाशी, खडीवर किंवा वनस्पतींवर चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कोश करतो. हा दुसरा टप्पा. कोशात तो पुन्हा पुन्हा विभागतो आणि एकाची शेकडो पिल्लं होतात, कधीकधी हजाराच्या घरात. तिसऱ्या टप्प्यात ही पिल्लं पाण्यात पोहत यजमान शोधतात. साधारण एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. औषध आणि मीठ यांचा खरा मारा चालतो तो याच टप्प्यावर.

आता हिशोब करा. टाकीत दहा ठिपके होते आणि प्रत्येकाची पाचशे पिल्लं झाली, तर पाच हजार भुकेली पिल्लं मोजक्या लिटर पाण्यात फिरतात. खुल्या तळ्यात त्यातली बहुतेक वाया जातील. काचेच्या पेटीत मासा कायम हाताशी असतो. म्हणून ठिपके गेले याचा अर्थ रोग गेला असा नसून, परजीवी माशावरून तळाशी उतरला असा घ्यायचा.

या चक्राचा वेग तापमानावर ठरतो. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते आठवड्याच्या आत पूर्ण होतं, तर १० अंशांना महिन्याहून अधिक लागू शकतो. लेटरकेनीसारख्या गावात ही गोष्ट वादळांशी जोडलेली आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी एओविन वादळाने आयर्लंडमधल्या साडेसात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली आणि काही भागांत ती यायला आठवड्याहून जास्त वेळ लागला. हीटर बंद पडला की लहान टाकी एका रात्रीत गार होते. थंडीमुळे रोग निर्माण होत नाही, परजीवी टाकीत आधीच असावा लागतो. पण उष्ण प्रदेशातल्या माशांची प्रतिकारशक्ती गारठ्यात मंदावते. शिवाय फिल्टर थांबल्याने त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू ऑक्सिजनअभावी मरू लागतात.

मग करायचं काय?

आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. रोज पाव हिस्सा पाणी बदला आणि नळीने खडीच्या तळातला गाळ ओढून काढा, कारण कोश तिथेच असतात. नव्या पाण्यातलं क्लोरीन काढून त्याचं तापमान जुन्याशी जुळवून घ्या.

उष्ण पाण्यातले मासे असतील तर तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत २८ ते ३० पर्यंत न्या. त्यामुळे चक्र वेगाने फिरतं आणि पिल्लं लवकर उघड्यावर येतात. मात्र २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरणारं पाणी ३० अंशांना जेमतेम साडेसात धरतं, आणि माशांचे कल्ले आधीच जखमी असतात. तेव्हा हवेचा पंप चालू हवाच. गोल्डफिशवर हा प्रयोग नको.

मीठ लिटरला एक ते तीन ग्रॅम, आधी विरघळवून आणि टप्प्याटप्प्याने. औषध घालण्यापूर्वी फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. डोनेगलच्या ग्रॅनाइट आणि दलदलीतून येणाऱ्या पाण्यात क्षार कमी असतात, आणि अशा मृदू पाण्यात तांबं माशांना जास्त विषारी ठरतं. भारतात बोअरवेलच्या जड पाण्यात चाललेली ताम्रयुक्त औषधाची मात्रा इथे जशीच्या तशी वापरू नका.

भारतातून येताना आणलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्याही डब्यातच राहू द्या. हा परजीवी जिवाणू नाही, त्यामुळे त्या त्याला मारत नाहीत. उलट फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरू शकतात आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंना वाव मिळतो. आयर्लंडमध्ये माशांसाठीही प्रतिजैविकं पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच मिळतात.

शेवटचा ठिपका दिसेनासा झाला की तिथून दिवस मोजायला लागा. गरम टाकीत उपचार आणखी किमान आठवडाभर चालू ठेवा, थंड पाण्यात त्याहून बराच जास्त काळ. जाळी आणि बादली या टाकीसाठी वेगळी ठेवा, वापरल्यावर पूर्ण वाळवा. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, कारण मत्स्यालयातले काही जिवाणू माणसाच्या त्वचेलाही संसर्ग करतात. टाकीतले मासे किंवा पाणी स्विली नदीत सोडू नका.

आणि नवीन मासा आणला की त्याला तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. वीस-तीस लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर आणि हीटर एवढं पुरतं. लेकुरवाळीला घरात शिरू न देण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.