एका जिल्ह्याचे अनेक वर्षारंभ

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अधिकृतपणे अहमदनगर म्हटले जाई त्या जिल्ह्यात, वर्ष एकाच दिवशी बदलत नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेला पंचांग बदलते, मृग नक्षत्र लागले की शेतकऱ्याचे साल उजाडते, १ ऑगस्टला तलाठ्याच्या दप्तरात नवे महसुली वर्ष उघडते, १ ऑक्टोबरला साखरेचे वर्ष सुरू होते, दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याची वही बदलते, १ जानेवारीला भिंतीवरची दिनदर्शिका बदलते आणि सोसायटीच्या कर्जदाराचे वर्ष ३१ मार्चच्या रात्री संपते. सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या परिसरात, काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील जिरायती तालुक्यांना पाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या आणि तोही बेभरवशाच्या पावसावर वर्ष काढावे लागते. ‘वर्ष कसे सरले ते कळलेच नाही’ हे वाक्य इथेही दरवर्षी ऐकू येते; परंतु सरलेले वर्ष मोजण्याचे आणि येणाऱ्या वर्षाला सामोरे जाण्याचे इथले मार्ग पाहिले, तर नववर्षाची आशा हा निव्वळ शुभेच्छांचा विषय नसून हिशेबाचा आणि तयारीचा विषय आहे, हे ध्यानात येते.

या सर्व आरंभांत चैत्र पाडव्याचा मान अर्थातच पहिला आहे. शालिवाहन शकाचे वर्ष या दिवशी सुरू होते, आणि इसवी सनातून ७८ वजा केले असता शकाचा आकडा मिळतो. नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ते शके १२१२, म्हणजेच इसवी सन १२९०. पाडव्याच्या पंचांगवाचनात नव्या संवत्सराचे नाव सांगितले जाते. संवत्सरांची ही नावे साठ असून त्यांचे चक्र गुरू आणि शनी या ग्रहांच्या गतीशी जोडलेले आहे, कारण गुरूला राशिचक्र पुरे करण्यास सुमारे बारा वर्षे, तर शनीला सुमारे तीस वर्षे लागतात आणि साठ वर्षांनी दोघेही जवळजवळ मूळ जागी येतात. ज्या संवत्सरात माणूस जन्मला त्याचे नाव त्याला पुन्हा ऐकू येते ते वयाच्या साठीला. आयुष्य किती झपाट्याने सरते याची याहून नेमकी जाणीव देणारी दुसरी गणना क्वचितच सापडेल.

पाडव्याला व्यवहाराचीही बाजू आहे. बागायतदाराकडे वर्षभराच्या बोलीवर राबणारा मजूर, ज्याला ‘सालगडी’ म्हणतात, त्याचे साल परंपरेने पाडव्याला संपते. जुना हिशेब मिटतो, पुढील वर्षाची रक्कम आणि धान्य ठरते, किंवा गडी दुसरा मालक पाहतो. गुढी उभारली जात असताना गावात असे अनेक संसार नव्या बोलीवर उभे राहत असत, आणि काही गावांत आजही राहतात. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते आणि पैठणहून कावडींनी आणलेल्या गोदावरीच्या पाण्याने समाधीला अभिषेक होतो. भटक्या समाजांच्या दृष्टीने ही यात्रा पूर्वापार वर्षातील भेटीगाठींची आणि देवघेवीची जागा आहे. तिथला गाढवांचा बाजार सर्वदूर ठाऊक आहे.

तथापि शेतकऱ्याचे वर्ष खऱ्या अर्थाने पाडव्याला सुरू होत नाही, ते मृगाला सुरू होते, आणि या समजुतीला एकेकाळी राज्यकारभाराची मान्यता होती हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने सीना नदीकाठी अहमदनगर, म्हणजे बोलीतले नगर, हे शहर वसवले, तेव्हा दक्षिणेत ‘शुहूर सन’ नावाची कालगणना रूढ होती. तिचा उगम इसवी सन १३४४ च्या सुमारास, मुहंमद तुघलकाच्या काळात झाल्याचे मानले जाते, आणि तिच्यामागची अडचण अगदी रोजच्या व्यवहारातली होती. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि ते ऋतूंच्या तुलनेत दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते. त्यामुळे हिजरी तारखेनुसार सारा वसूल करायचा ठरवले, तर काही वर्षांतच पीक शेतात उभे असताना वसुलीची तारीख येऊन ठेपे. हिंदू पंचांगाने हीच अडचण साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून सोडवली आहे. शुहूर सनाने दुसरा मार्ग धरला: वर्षाचा आकडा हिजरीतून घेतला, परंतु वर्ष मात्र सौर ठेवले आणि त्याचा आरंभ सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशाशी बांधला. म्हणूनच या वर्षाला ‘मृगसाल’ असेही म्हणतात. शुहूर सनाच्या आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. निजामशाही, आदिलशाही आणि पुढे मराठ्यांच्या मोडी कागदपत्रांत इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा अशा अरबी संख्यावाचक शब्दांत हे वर्ष लिहिलेले आढळते, आणि जुने कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला तारीख लावताना प्रथम याच शब्दांची ओळख करून घ्यावी लागते.

राजवटी बदलल्या, सन मावळला, पण मृग राहिला. सूर्याचा मृगप्रवेश हल्ली ७ किंवा ८ जूनच्या सुमारास होतो. नक्षत्रांवर आधारलेले वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्याने हा दिवस ऋतूंच्या तुलनेत साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतो, म्हणजे तुघलकाच्या काळापासून आतापर्यंत तो नऊ-दहा दिवस पुढे गेला आहे. एका आयुष्यात हा फरक कोणाला जाणवत नाही, परंतु ज्या गणनेवर पेरणीची आशा बांधलेली आहे ती गणनाही स्थिर नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. गेल्या काही वर्षांत पावसाचे आगमन आणि खंड दोन्ही अधिक लहरी झाल्याने केवळ मृगावर विसंबून पेरणी करणे धोक्याचे ठरते, आणि पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. सल्ला रास्त आहे. पण मृगाच्या पहिल्या सरीनंतर हात थांबवणे किती कठीण असते हे ज्याच्या घरात बियाण्याची पिशवी आणून ठेवलेली आहे त्यालाच ठाऊक असते.

देशाच्या कालगणनेच्या एकीकरणाशीही या शहराचा एक अप्रत्यक्ष संबंध आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरूंनी तिथे १९४३, १९४४ आणि १९४५ अशी तीन इंग्रजी नववर्षे बंदिवासात पाहिली आणि १९४४ मध्ये पाच-सहा महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले. मौलाना अबुल कलाम आझादांची ‘गुबार-ए-खातिर’ मधील पत्रे याच भिंतींआड लिहिली गेली.  पुढे पंतप्रधान झाल्यावर नेहरूंच्या सरकारने १९५२ मध्ये खगोलभौतिकीचे थोर अभ्यासक मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, आणि देशात वापरात असलेल्या सुमारे तीस पंचांगांचा विचार करून समितीने शकावर आधारलेली सौर राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. ती २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, अमलात आली. आकाशवाणीच्या निवेदनात आणि राजपत्रावर ती तारीख आजही असते, मात्र तिच्या वर्षारंभासाठी म्हणून कुठल्याही घरात गुढी उभारली जात नाही. जनमानसातील वर्षारंभ शासकीय निर्णयाने हलत नाही याचा हा बोलका पुरावा आहे.

दिवाळीतील बलिप्रतिपदेपासून विक्रम संवताची कार्तिकादी गणना सुरू होते, म्हणजे ज्या पद्धतीत कार्तिक हा वर्षाचा पहिला महिना मानतात ती. नगरच्या कापडबाजारात आणि दाळमंडईत वहीपूजन होते ते या परंपरेतून. सह्याद्रीच्या बाजूला, अकोल्यातील महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत, दिवाळीचा आरंभ आश्विन वद्य द्वादशीला वाघबारशीने होतो, आणि गुरे सांभाळून वर्ष निभावले याची कृतज्ञता वाघोबापाशी व्यक्त केली जाते. परंतु याच दिवाळीला जिल्ह्याच्या पूर्व भागात एक वेगळे वर्ष सुरू होते, आणि त्याकडे सणाच्या दिव्यांतून सहसा कोणाची नजर जात नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. मुकादमाकडून हंगामापूर्वी ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. आशियातील पहिल्या सहकारी साखर कारखान्यांपैकी अग्रगण्य असा प्रवरा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. त्या घटनेने उत्तरेकडील बागायती पट्ट्याचे भाग्य पालटले, यात शंका नाही. मात्र बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा आणि गव्हाणीत मोळी टाकण्याचा दिवस एका तालुक्यात मंगल मुहूर्त असतो, तेव्हा दुसऱ्या तालुक्यात त्याच दिवसांत घरांना कुलपे लागतात. गावी राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात; ती वेळेवर उघडली नाहीत, तर मुलाचे शैक्षणिक वर्ष उसाच्या फडात सरते. नव्या वर्षाच्या शुभेच्छा देताना समाजाने प्रथम या मुलांचा विचार करायला हवा.

सरकारी वर्षाबद्दल थोडक्यात सांगता येईल. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असते आणि पिकाची पैसेवारी, म्हणजे ठरीव उत्पन्नाच्या तुलनेत पीक किती आले याचा अंदाज, जिला जुन्या सवयीने आणेवारी म्हणतात, याच चौकटीत ठरते. ती पन्नास पैशांच्या खाली आली, तर गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरू शकते.

येणाऱ्या वर्षाची तयारी कशी असावी याची दोन उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, नागली आणि भाजीपाल्याचे गावरान वाण जमवून बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० च्या यादीत पद्मश्री जाहीर झाली. बियाणे नेणाऱ्याने हंगामानंतर दुप्पट परत करावे, अशी तिथली रीत आहे. त्यामुळे बँकेतील साठा दरवर्षी वाढतो आणि एका घरचे वाण दुष्काळात गेले, तरी दुसऱ्या घरी ते टिकून राहते.

दुसरे उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे. १९७२ च्या दुष्काळानंतर खचलेल्या आणि स्थलांतराने रिकाम्या होत चाललेल्या या गावाने १९८९ मध्ये पोपटराव पवार यांना सरपंच केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारून गावाने डोंगरावर समतल चर खोदले आणि नाल्यांवर बांध घातले. पण पाणी अडवून हे गाव थांबले नाही, आणि हीच त्याची खरी थोरवी आहे. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: पर्जन्यमापकावरील नोंदीवरून गावाला किती पाणी मिळाले, जमिनीत किती मुरले, वाहून किती गेले, याचा अंदाज काढतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते; गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर असल्याने प्रत्येक मिलिमीटरचा अर्थ सुमारे ९८ लाख लिटर, हे गणित तिथे शाळकरी मुलांनाही येते. त्या बेरजेतून पहिला वाटा माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरतात. शेतीसाठी बोअरवेल घेण्यास आणि उसासारख्या तहानलेल्या पिकाला गावाने बंदी घातली आहे. ज्या वर्षी ताळेबंद तुटीचा निघतो, त्या वर्षी गहू आणि कांद्याचे क्षेत्र कमी करण्याचा निर्णय ग्रामसभाच घेते, आणि कोणी किती पेरायचे हे पेरणीपूर्वी सर्वांसमक्ष सांगितले जाते.